किलपेकचे चर्च आणि दगडांची नोंदवही: रोमनेस्क शिल्पांच्या एका मुक्त संग्रहाचे परीक्षण

मुंबईत राहून युरोपातली मध्ययुगीन वास्तुकला अभ्यासायची म्हटली, तर मोठमोठ्या कॅथेड्रलांविषयी हवे तेवढे साहित्य मिळते; पण एखाद्या खेड्यातल्या लहानशा चर्चच्या दारावर नेमके काय कोरले आहे, कोणत्या बाजूला, किती मापाचे आणि आज कोणत्या अवस्थेत, हे सांगणारे साधन सहसा हाती लागत नाही. ‘कॉर्पस ऑफ रोमनेस्क स्कल्प्चर इन ब्रिटन अँड आयर्लंड’ हा इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला असलेला संग्रह नेमके हेच काम करतो. दादरच्या आमच्या वास्तुवारसा अभ्यासगटात आम्ही तो बराच काळ वापरत आलो आहोत. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायर परगण्यातील किलपेक या खेड्याच्या चर्चच्या आधारे मी त्याचे परीक्षण करणार आहे, कारण संग्रहाची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या एका वास्तूत स्पष्ट दिसतात. माझे मत आधीच सांगते: अर्थ लावण्यापूर्वी वर्णन पूर्ण करायचे, ही जी शिस्त या संग्रहाने पाळली आहे, ती वास्तुकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शिकण्यासारखी आहे, आणि केवळ तेवढ्यासाठीही हा संग्रह वापरावा.

रोमनेस्क म्हणजे साधारणपणे अकराव्या आणि बाराव्या शतकांतली, गॉथिकच्या आधीची शैली. अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या आणि दारे, कमानी व स्तंभशीर्षे यांवर एकवटलेले कोरीवकाम ही तिची लक्षणे. इंग्लंडवर 1066 साली नॉर्मनांनी, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी, ताबा मिळवल्यानंतर ही शैली तिथे जोमाने पसरली, म्हणून इंग्रज तिला बरेचदा नॉर्मन शैलीच म्हणतात. मुंबईकराच्या डोळ्याला टोकदार कमानींची सवय असते. उच्च न्यायालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती गॉथिकच्या पुनरुज्जीवनातून आल्या आहेत. त्या ज्या परंपरेकडे मागे वळून पाहत होत्या, तिच्याही आधीचा टप्पा समजून घ्यायचा असेल, तर कॅथेड्रलांपेक्षा गावातली चर्चे अधिक उपयोगी पडतात. श्रीमंत कॅथेड्रलांची पुढच्या शतकांत पुन्हा पुन्हा नव्या शैलीत बांधणी झाली. गरीब किंवा आडबाजूच्या गावांत मात्र बाराव्या शतकातले काम पुष्कळदा तसेच राहिले.

या संग्रहामागची कल्पना जॉर्ज झारनेत्स्की यांची. 1915 साली जन्मलेले हे पोलिश कला-इतिहासकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये आले आणि पुढे लंडनच्या कोर्टॉल्ड इन्स्टिट्यूटमध्ये दीर्घकाळ अध्यापन करत राहिले. बाराव्या शतकातल्या इंग्रजी शिल्पांच्या प्रादेशिक परंपरा हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 1984 साली भरलेल्या इंग्रजी रोमनेस्क कलेच्या मोठ्या प्रदर्शनामागेही त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर काही वर्षांतच, ब्रिटिश अकॅडमीच्या पाठिंब्याने, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या प्रत्येक रोमनेस्क शिल्पाची जागेवर जाऊन नोंद करण्याचे काम सुरू झाले. हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात: ते गावोगावी जातात, मापे घेतात, छायाचित्रे काढतात आणि ठरलेल्या साच्यात अहवाल लिहितात.

तो साचा थोडा तपशिलात सांगायला हवा, कारण संग्रहाचे सगळे मूल्य त्यात आहे. प्रत्येक अहवालाच्या आरंभी गाव, जुना परगणा आणि आजचा परगणा, धर्मप्रांत, चर्च मध्ययुगात कोणत्या संताला वाहिलेले होते आणि आज कोणत्या, ही माहिती येते. मग वास्तूचे थोडक्यात वर्णन आणि इतिहास. त्यानंतर बाहेरची अंगे, म्हणजे दारे, खिडक्या, छज्जाखालच्या शिल्पांच्या ओळी. मग आतली अंगे, म्हणजे कमानी आणि छत. मग बाप्तिस्म्याच्या कुंडासारख्या वस्तू. प्रत्येक अंगाचे वर्णन थरांनुसार आणि दिशांनुसार केलेले असते. वर्णन करणाऱ्याला काय वाटते, याला शेवटी वेगळी जागा दिलेली आहे. त्यापूर्वीच्या भागात मते शक्यतो येऊ दिली जात नाहीत.

आता किलपेक. हेरफर्ड शहराच्या नैऋत्येला, वेल्सच्या सीमेजवळ हे खेडे आहे. सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचे इथले चर्च साधारण 1140 च्या सुमारास बांधले गेले. जागा त्याहून जुनी आहे: सेंट डेव्हिड हे वेल्सचे संत, हा सगळा सीमाप्रदेश पूर्वी वेल्श वस्तीचा होता, आणि नेव्हच्या, म्हणजे उपासकांच्या मुख्य दालनाच्या, ईशान्य कोपऱ्यातले काही बांधकाम नॉर्मनांपूर्वीचे, सॅक्सन काळातले मानले जाते. 1086 सालच्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, हे गाव विल्यम फिट्झ नॉर्मन याच्याकडे होते. आज जे चर्च दिसते ते त्याचा मुलगा ह्यू याच्या काळातले. त्यानेच ते बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात ग्लॉस्टरच्या बेनेडिक्टाइन मठाला दान दिले. चर्चच्या पश्चिमेला लागूनच किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे. सीमेवरचा किल्ला, त्याला चिकटून चर्च आणि भोवती वसवलेले गाव ही नॉर्मनांची नेहमीची मांडणी, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय एवढ्याशा खेड्यात एवढे समृद्ध कोरीवकाम का, याचा उलगडा होत नाही. गाव पुढे वाढले नाही, किल्ला ओस पडला, आणि चर्चमध्ये मोठे फेरबदल करण्याइतका पैसाही कोणाकडे आला नाही. शिल्पे टिकण्यामागे ही उपेक्षाही एक कारण आहे.

वास्तूचा आराखडा अगदी सरळ आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने तीन भाग: नेव्ह, त्यापुढे धर्मगुरूंसाठीचे लहान चॅन्सल आणि शेवटी वेदीसाठीचे अर्धवर्तुळाकार ॲप्स. मनोरा नाही, पश्चिम टोकावर फक्त एक लहान घंटाघर आहे, आणि तेही एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत नव्याने बांधलेले. ॲप्सचे छत दगडी फासळ्यांवर तोललेले आहे. बांधकाम स्थानिक लाल वालुकाश्माचे आहे. हा दगड कोरायला सोपा, पण उघड्यावर तो सहसा झिजतो. किलपेकमध्ये तो साडेआठशेहून अधिक वर्षे इतका टवटवीत कसा राहिला, याचे अभ्यासकांनाही आश्चर्य वाटत आले आहे. दक्षिणेकडच्या दाराला दीर्घकाळ लाकडी पोर्चचा आडोसा होता, हे त्या दारापुरते एक कारण; पण छज्जाखालच्या शिल्पांना असा काही आडोसा नव्हता, त्यामुळे दगडाची प्रतवारी निवडणाऱ्या पाथरवटांना श्रेय द्यावेच लागते.

दक्षिणद्वार हा या चर्चचा सर्वांत श्रीमंत भाग, आणि संग्रहाची पद्धत पारखायची तर इथेच पारखावी. दाराच्या दोन्ही बाजूंना आत-बाहेर असे जोडस्तंभ आहेत. बाहेरच्या स्तंभांवर एकमेकांना गिळत जाणारे सर्पाकृती प्राणी वरून खाली गुंफलेले आहेत. आतल्या डाव्या स्तंभावर वेलींच्या जाळ्यात अडकलेले दोन पुरुष आहेत. त्यांच्या अंगात पायघोळ विजारी आणि डोक्यावर टोप्या आहेत, आणि त्यांना ‘वेल्श योद्धे’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. उजव्या आतल्या स्तंभाच्या शीर्षावर तोंडातून पाने फुटणारा चेहरा आहे. आपल्याकडच्या मंदिरांच्या द्वारशाखा ज्यांनी बारकाईने पाहिल्या आहेत, त्यांना हे तोंड पाहून कीर्तिमुख आठवेल. दोन्हींचा परस्परसंबंध मात्र कोणी जोडू नये. स्तंभांवरच्या अर्धवर्तुळाकार शिळेवर एक भरगच्च झाड किंवा वेल आहे, जिला बहुतेक लेखक जीवनवृक्ष म्हणतात. तिच्या भोवतीच्या कमानीत पक्षी, मासे, ड्रॅगन आणि कमानीच्या कडेला चोच टेकवून धरणारी मुंडकी अशी एकामागून एक रांग लागते.

हे सगळे मी दोन-चार ओळींत सांगितले. संग्रहात ते थराथराने येते. कमानीचा कोणता थर, त्यात डावीकडून कितवी शिळा, तिच्यावर कोणता प्राणी, त्याचे तोंड कुठल्या दिशेला, कुठला भाग तुटलेला. पहिल्या वाचनात हे रुक्ष वाटते, हे खरे. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आमच्या गटातल्या मुलांना सुरुवातीला त्याचा कंटाळा येत असे. पण छायाचित्र मोठे करून वर्णनाबरोबर एकेक शिळा पाहत गेले की लक्षात येते, आपण एरवी शिल्प ‘पाहतो’ तेव्हा बहुतांशी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींची नावेच त्याला देत असतो. ‘वेल्श योद्धे’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. दगडावर दिसतात ती दोन माणसे, त्यांच्या विजारी, टोप्या आणि त्यांच्या भोवतीच्या वेली. ती वेल्श आहेत, हे दगड सांगत नाही. ते नंतरच्या वाचकांचे अनुमान आहे. अहवाल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवतो.

छज्जाखाली चर्चच्या भोवती फिरणाऱ्या कॉर्बेलांबाबत, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या कोरीव दगडांबाबत, ही शिस्त आणखी मोलाची ठरते. यांतले 85 आज शिल्लक आहेत. शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा, तंतुवाद्य वाजवणारा माणूस, मिठीत असलेले जोडपे, क्रूस घेतलेले कोकरू, नाना प्रकारची पशुमुखे, आणि ॲप्सच्या भिंतीवर दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी स्त्री, जिला ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. या शेवटच्या शिल्पामुळे किलपेक जगभर प्रसिद्ध झाले आणि त्याच शिल्पामुळे बाकीचे 84 दगड दुर्लक्षिले गेले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिला कोणी प्राचीन देवता म्हटले, कोणी वासनेविरुद्धचा इशारा, कोणी दृष्ट टाळणारे चिन्ह. अहवाल क्रमाक्रमाने सगळ्या कॉर्बेलांवरून जातो आणि तिला तिच्या रांगेत, तिच्या शेजाऱ्यांसह ठेवतो. कुत्र्या-सशाला जेवढी ओळ, तेवढीच तिला. एखादे शिल्प आपल्याला कितीही धक्कादायक वाटले, तरी ज्या कारागिरांनी ते कोरले त्यांनी ते एका रांगेतला एक दगड म्हणूनच बसवले होते, हे या मांडणीतून न सांगता कळते.

याउलट मार्ग कसा असतो, हे किलपेकच्याच इतिहासात दिसते. जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने 1842 साली या चर्चची सचित्र नोंद प्रसिद्ध केली. त्याची रेखाटने आजही महत्त्वाची मानली जातात. मात्र प्रत्येक आकृतीत ख्रिस्ती प्रतीकार्थ शोधण्याच्या उत्साहाने त्याचे लेखन भरलेले आहे, आणि आजचा अभ्यासक त्याची चित्रे जपून ठेवतो, अर्थनिर्णय बाजूला ठेवतो. पावणेदोनशे वर्षांनी त्याच्या कामातले जे उपयोगी उरले, ते वर्णन आहे.

नोंदींचे मोल सर्वांत जास्त जाणवते ते शॉबडन या गावाच्या बाबतीत. किलपेकची शिल्पे ज्या कारागीर-परंपरेतली आहेत, तिला अभ्यासक ‘हेरफर्डशायर स्कूल’ म्हणतात, आणि शॉबडनचे चर्च हे त्या परंपरेतले आरंभीचे मोठे काम. ते ऑलिव्हर द मर्लिमंड याने बांधवले. हा ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी. तो स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाची यात्रा करून आला होता. पश्चिम फ्रान्स आणि उत्तर स्पेनच्या यात्रामार्गावरची शिल्पे त्या यात्रेमुळे हेरफर्डशायरच्या कारागिरांपर्यंत पोहोचली असावीत, असे झारनेत्स्की आणि त्यांच्यानंतरचे अनेक अभ्यासक मानतात. किलपेकच्या चॅन्सलच्या कमानीत दोन्ही बाजूंच्या स्तंभांवर संतांच्या मूर्ती एकीवर एक उभ्या केल्या आहेत, त्यांतल्या एकाच्या हाती किल्ली असल्याने तो सेंट पीटर म्हणून ओळखता येतो. इंग्लंडमध्ये विरळ असलेली ही रचना कोम्पोस्तेलाच्या दक्षिणद्वाराची आठवण करून देते. म्हणजे एका आडगावातल्या चर्चचे धागे थेट स्पेनपर्यंत जातात. पण शॉबडनचे मूळ चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास जमीनमालकाने पाडले आणि त्याच्या कोरीव कमानी जवळच्या टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. तेव्हापासून पाऊस आणि थंडी यांनी त्या इतक्या झिजवल्या आहेत की, आज कित्येक आकृती ओळखूसुद्धा येत नाहीत. त्या कशा होत्या हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या रेखाटनांचाच आधार घ्यावा लागतो. किलपेक आणि शॉबडन यांच्या नोंदी एकापाठोपाठ एक वाचाव्यात, असे मी प्रत्येकाला सांगते. दगड तोच, काळ जवळपास तोच, परंपरा तीच. एकाच्या छायाचित्रांत सापाचे खवले मोजता येतात, दुसऱ्याच्या छायाचित्रांत माणूस आणि वेल यांतला भेद करता येत नाही.

आता मर्यादा. हा शिल्पांचा संग्रह आहे, वास्तूंचा नव्हे, आणि वापरताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. बिनकोरीव भिंत, छपराची लाकडे, पाया, जमिनीखालचे अवशेष, चर्चभोवतीच्या गावाची रचना यांना इथे दुय्यम स्थान मिळते. किलपेकचा किल्ला आणि ओस पडलेली वस्ती समजून घ्यायची तर हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या वारसा-संस्थेच्या संरक्षित वास्तूंच्या सूचीकडे वळावे लागते; तिथे हे चर्च पहिल्या श्रेणीत नोंदलेले आहे. दुसरे म्हणजे, अनेक हातांनी लिहिलेले हे काम असल्याने अहवालांचा कस सारखा नाही. काहींत इतिहासाचा भाग भरघोस आहे, काहींत तो जेमतेम उरकलेला. तिसरी गोष्ट भाषेची. परिभाषा दाट इंग्रजी आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कमानीच्या एकेका थराचे नाव पाठ करेपर्यंत वर्णन डोळ्यांसमोर उभे राहत नाही. आम्ही त्यावर उपाय म्हणून एका दाराचे मोठे रेखाचित्र काढून प्रत्येक अंगाला देवनागरीत नाव लिहिले आणि ते भिंतीवर लावले. त्यानंतर वाचन बरेच सुकर झाले. आणि हा संग्रह मोबाइलच्या पडद्यावर पाहू नये. त्याची छायाचित्रे मोठ्या पडद्यासाठी आहेत, शक्य असेल तर प्रोजेक्टरवर, खिडक्यांचे पडदे ओढून.

एक उणीव मला अधिक जाणवते. अहवालात माणसे कमी आहेत. बांधवणारा सरदार आणि मठ यांची नावे येतात, पण या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, ते गावाचे चर्च आहे, त्याची दारे पाहुण्यांसाठी उघडी असतात आणि त्याची निगा राखण्यासाठी गावकरी झटतात, ही बाजू या साच्यात बसत नाही. शिल्पांच्या नोंदीकडून ही अपेक्षा करावी का, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. मला वाटते, इतिहासाच्या रकान्यात दोन ओळी त्यासाठी असायला हरकत नाही.

संग्रहाची खरी कसोटी आम्ही मुंबईच्या परिसरातच घेतली. अंबरनाथचे शिवमंदिर किलपेकच्या चर्चपेक्षा सुमारे 80 वर्षांनी जुने आहे. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हे वर्ष आहे, आणि ते शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीतले आहे. धर्म वेगळा, दगड वेगळा, शैली पूर्णपणे वेगळी. तरीही अहवालाचा साचा जवळजवळ जसाच्या तसा लागू पडला: आधी स्थान, दिशा आणि वास्तूचे संक्षिप्त वर्णन, मग बाहेरच्या भिंतीचे थर खालून वर, मग मंडपाचे स्तंभ, मग पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह, आणि अर्थ शेवटी. एरवी मंदिरापुढे उभे राहताच मुले मूर्तीची नावे सांगू लागत. साचा हाती दिल्यावर ती आधी हात मोजू लागली, हातांतली आयुधे पाहू लागली, कोणता हात तुटला आहे ते लिहू लागली. झिजलेल्या मूर्तीपुढे ‘ओळख पटत नाही’ असे लिहिणे कमीपणाचे नाही, हेही त्यांना पटले. खेड्यातल्या चर्चच्या निमित्ताने तयार झालेली पद्धत इथे इतकी सहज वापरता यावी, हा मला या संग्रहाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. स्थानिक वारशाची नोंद करू इच्छिणाऱ्या कोणत्याही गटाने, वसईच्या किल्ल्यातल्या चर्चांसाठी असो की गावच्या वेशीवरच्या वीरगळांसाठी, हा साचा उतरवून घ्यावा.

नव्या वाचकाने किलपेकनंतर याच परंपरेतले आर्डिस्लीचे आणि कासल फ्रोमचे बाप्तिस्म्याचे कुंड पाहावे. पहिल्यावर झुंजणारे दोन योद्धे आणि एक भला मोठा सिंह आहे, दुसऱ्यावर ख्रिस्ताचा बाप्तिस्मा. त्यानंतर रोल्स्टोनच्या चर्चची नोंद उघडावी. तिथल्या चॅन्सलच्या कमानीपाशी पक्ष्यांच्या जोड्या आहेत आणि काही मूर्ती चक्क उलट्या, डोके खाली करून कोरलेल्या आहेत. चर्च सेंट पीटरच्या नावाचे आहे आणि पीटरला उलटे क्रूसावर चढवले अशी परंपरा आहे, तेव्हा अर्थ लावण्याचा मोह तिथे फार होतो. आधी वर्णनाचा भाग पूर्ण वाचावा, मूर्तींची जागा आणि दिशा कागदावर काढून घ्यावी, आणि मगच टिप्पणीच्या भागाकडे जावे.